चौऱ्याहत्तर किलो लाडू

"अहो, या ना लवकर. मले थंडी वाजून राहिली."

न्हाणीघरातून ही हाक आली की श्रीपादरावांनी पेपर खाली ठेवायचा, चष्मा नाकावर नीट बसवायचा आणि आत जायचं, हा पुरानी बस्तीतल्या त्या घराचा सात महिन्यांचा नेम होता. आत पद्मिनीबाई वजनकाट्यावर उभ्या असत, समोरच्या भिंतीकडे बघत, श्वास रोखून. खिडकीच्या कठड्यावर बांगड्या, मंगळसूत्र, कानातल्या कुड्या आणि चष्मा असं सगळं ओळीनं मांडलेलं. त्या चार जिनसांचा भार उगाच आपल्या नावावर कशाला, असा त्यांचा रोखठोक विचार. पण चष्मा काढला की बाईंना स्वतःच्या पायाची बोटंही धड दिसत नसत, तिथे काट्यावरचे आकडे काय दिसणार. म्हणून श्रीपादराव.

ते वाकले. जरा वेळ वाकूनच राहिले.

"त्र्याहत्तर पॉइंट आठ."

"नीट पाहिलं ना?"

"पद्मिनी, अडतीस वर्षं पार्सल ऑफिसात काय गवत उपटलं मी?"

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात श्रीपादरावांनी सख्ख्या साडूची आंब्याची पेटीसुद्धा अर्ध्या किलोसाठी परत काट्यावर चढवली होती. तो साडू अजून लग्नकार्यात त्यांच्याशी मोजकंच बोलतो. अशा माणसाच्या तोंडून त्र्याहत्तर पॉइंट आठ आलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. पद्मिनीबाईंनी एकेक करून बांगड्या चढवल्या, कॅलेंडरवर आजच्या चौकोनात आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती लाल पेनानं गोल काढला. आज एकतीस जानेवारी. आज त्यांची सेवानिवृत्ती. आणि आज त्यांना अख्ख्या गावासमोर तराजूत बसायचं होतं.

पद्मिनीबाई नर्स. अभनपुरच्या पुढे आठ किलोमीटरवर एक उपकेंद्र आहे, तिथे त्यांनी चौतीस वर्षं लेकरांची वजनं केली. झोळीत पोर घालायचं, झोळी आकड्याला अडकवायची, काटा थरथरायचा थांबला की वाचायचं आणि कार्डावर टिंब द्यायचं. टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं तर आई हसायची, लाल पट्ट्यात पडलं तर मान खाली घालायची. आपल्यावरही कधी मान खाली घालायची पाळी येईल हे काही बाईंच्या मनात आलं नव्हतं. ती आषाढात आली. गुडघ्यांच्या डॉक्टरानं त्यांना काट्यावर चढवलं, अठ्ठ्याऐंशी आकडा पाहिला आणि म्हणाला, सिस्टर, तुम्हाला मी काय सांगू, तुम्हीच सगळ्यांना सांगता.

त्याच संध्याकाळी घरात काटा आला.

तेव्हापासून घराचं हवामान त्या काट्यावर ठरू लागलं. शंभर ग्रॅम उतरले की बाई गुणगुणत पोहे करायच्या, स्वतः एक वाटी खाऊन उरलेले इतरांना आग्रहानं वाढायच्या. दोनशे चढले की दिवसभर ताकावर राहायच्या आणि भांडी जरा जोरात आपटायच्या. मुलगी गंधाली बँकेत नोकरीला. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई. ती रोज एकदा तरी म्हणायची, "आई, ये मशीन उठा के किसी को दे दो. पहले आधी सीढ़ी पे बैठ जाती थी, अब सीधे ऊपर आती हो. वो नहीं दिखता तुम्हें?"

"दिसते ना. पण जिना कॅलेंडरवर लिहिता येते का?"

श्रावणात आकडा तीन आठवडे जागचा हलला नाही. बाई रोज पहाटे बूढ़ा तालाबाला दोन फेऱ्या मारत होत्या, भात सोडला होता, साबुदाण्याकडे तर ढुंकूनही बघत नव्हत्या. एकविसाव्या दिवशीही तोच आकडा ऐकून त्या जिन्यावर बसून रडल्या. उद्यापासून काही नाही करत म्हणाल्या, फिरणं नाही की काही नाही, जे होईन ते होईन. श्रीपादराव दोन पायऱ्या खाली उभे होते. आणि देवाची करणी अशी की दुसऱ्या दिवसापासून आकडा उतरायला लागला, तो उतरतच राहिला. बाईंचं फिरणं सुटलं नाही.

त्यामुळे पौषात जेव्हा गावाहून सुकवारोचा फोन आला, तेव्हा बाई आनंदानं उडाल्याच. सुकवारो ही त्या गावची मितानिन, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याची कामं करणारी बाई. त्या भागात कुणाचा मोठा मान करायचा म्हणजे त्याला लाडवांनी तोलायचं. पुढाऱ्यांना तोलतात, मास्तरांना तोलतात, पण नर्सला तोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग ते लाडू गावातल्या लेकरांना वाटायचे. सुकवारोनं सगळं सांगितलं आणि हळूच विचारलं, "दीदी, कतेक के लाड़ू बनवाबो?"

आषाढात हा प्रश्न आला असता तर पद्मिनीबाईंनी फोन ठेवून बदलीच मागितली असती. पण आता त्यांनी, किती किलोंचे लाडू, याचं उत्तर इतक्या खणखणीत आवाजात दिलं की गल्लीपलीकडच्या घरातही ते कळलं असावं.

"चौऱ्याहत्तर."

कोसा सिल्कची साडी सदर बाजारातून आली. ब्लाउज शिवायला टाकताना बाईंनी टेलरला बजावलं, जुन्या मापाचा नको, मी आता बारीक झाले. त्यानं फीत लावली, फितीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, जैसा आप बोलें दीदी. ब्लाउज काखेत काचला. आजकालच्या टेलरांना हातच नाही, असं बाई म्हणाल्या आणि दोन टाके उसवून त्यांनी तो घातला.

महिनाअखेर म्हणून गंधालीला सुट्टी मिळाली नव्हती. नवरा-बायको दोघंच बसनं गेले. रस्ताभर पद्मिनीबाईंचं तोंड बंद नव्हतं. श्रीपादराव मात्र तिकिटाच्या घड्या घालत आणि उलगडत होते. बाईंना वाटलं, माणूस हळवा झाला.

उपकेंद्रासमोरच्या कडुलिंबाला धान तोलायचा मोठा तराजू टांगला होता, साखळ्यांना झेंडूच्या माळा. फक्त हाच पारा नव्हे, म्हणजे ही एकच वस्ती नव्हे, तर आजूबाजूच्या चारही वस्त्या लोटल्या होत्या. ज्यांना बाईंनी झोळीत घातलं होतं ते आता मिशा फुटलेले बाप्ये कडेवर आपापली पोरं घेऊन उभे होते. सरपंच बोलले, मास्तर बोलले. बाईंना काही ऐकू आलं नाही. त्यांची नजर तराजूवरच होती. गुडघे दुमडत नाहीत म्हणून पारड्यात छोटं स्टूल आणि समोरच्यात त्याच्या भारोभार दगड ठेवला होता; स्टुलावर त्या बसल्या. साखळी कुरकुरली आणि पारडं अलगद जमिनीला टेकलं.

समोरच्या पारड्यात बुंदीचे लाडू पडू लागले. एक परात, दुसरी परात. बायका गाणं म्हणत होत्या. बाईंनी पाय जरा उचलून धरले होते, पारडं वर जाईल तेव्हा आपण तयार असावं म्हणून. सातवी परात रिकामी झाली. हलवायानं हात पुसले.

पारडं जमिनीलाच.

कुणीतरी साखळी हलवून पाहिली. कुणी म्हणालं तराजूत खोट आहे. सरपंचांनी रिकाम्या पराती पाहिल्या, मग हलवायाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. नर्सदीदीच्या सत्काराला कमी तोलतोस? हलवाई हात जोडून शपथा घेऊ लागला. चौऱ्याहत्तर म्हणजे चौऱ्याहत्तर, माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. गर्दीतून दोन-चार हसले, एकानं त्याला चोर म्हटलं.

पद्मिनीबाईंनी गर्दीत नवऱ्याला शोधलं. श्रीपादराव पहिल्या ओळीत बसले होते आणि खाली वाकून स्वतःच्या चपलेकडे असे बघत होते, जणू ती आज पहिल्यांदाच भेटली.

बाईंना सगळं एकदम दिसलं. कठड्यावरचा चष्मा दिसला, टेलरची फीत दिसली, जिना दिसला. उठून चालू पडावं असं वाटलं, पण पारड्यातून उठायलाही दोघांचा हात लागणार होता. हलवाई आता रडकुंडीला आला होता.

"सरपंचजी," त्या म्हणाल्या. आवाज मोठा निघाला, लसीकरणाच्या दिवशी निघायचा तसा. "हलवाई का तौल सही है. मैं ही भारी हूँ."

मग कुठल्यातरी म्हातारीला हसू फुटलं आणि ते सगळीकडे पसरलं, पण त्यात टोचणी नव्हती. बाई स्वतःही हसल्या, डोळे पुसत.

"हमर दीदी हे," गर्दीतून सुकवारो पुढे आली, "हमन पूरा करबो." आपली दीदी आहे, आपणच पुरं करू. तिनं आपली लेक रीना हिच्या कडेवरची पोर घेतली, लाडवांवर स्वतःचा शेला पसरला आणि पोरीला त्यावर बसवलं.

तराजूची दांडी कुरकुरली. पद्मिनीबाईंचं पारडं सुटलं, हललं, आणि वर आलं. दोन्ही पारडी समोरासमोर थांबली. बाईंचे पाय अधांतरी होते. समोर आठ महिन्यांची पोर दोन्ही हातांनी एक लाडू धरून त्यांच्याकडे बघत होती. बाईंची नजर सवयीनं तिच्या दंडावर गेली, मांडीच्या वळीवर गेली. आठ किलो, त्या मनात म्हणाल्या. हिरवा पट्टा.

परतीच्या बसमध्ये बाईंच्या मांडीवर शाल, श्रीफळ आणि दोन लाडवांचा पुडा.

"पोट्टी आठ किलोची होती," अखेर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "म्हणजे माझे ब्याऐंशी."

"साडी, हार, दागिने धरून."

"मोठे आले धरून. साडूचा अर्धा किलो नाही सोडला, अन् माझे आठ सोडून दिले? गावासमोर नाक कापलं माझं."

"मी उठणारच होतो सांगायले."

"तुम्ही चप्पल पाहून राहिले होते."

श्रीपादरावांनी चप्पल सीटखाली सरकवली. मग म्हणाले, "तूच सांगितलं होतं ना मले. सुकवारोचं."

पद्मिनीबाईंनी ते एकट्या त्यांनाच सांगितलं होतं, चोवीस वर्षांपूर्वी. ही रीना तेव्हा पाच महिन्यांची, चार किलोची. टिंब लाल पट्ट्यात. सुकवारो तीन महिने तिला घेऊन येत होती आणि काटा हलत नव्हता. बाकीच्या बायका हसायच्या. या वेळीही नाही वाढली तर मी काही परत येत नाही, असं ती त्या दिवशी झोळी बांधतानाच म्हणाली. काटा हललाच नव्हता. पद्मिनीबाईंनी कार्डावर खरं टिंब दिलं, आणि तोंडानं म्हणाल्या, हव, बढ़त हे. वाढतेय. सुकवारोला तेव्हा वाचता येत नव्हतं; लाल पट्टा दिसे, पण त्यात टिंब वर सरकलं की नाही हे तिला कळत नसे. ती पुढल्या महिन्यात आली, त्याच्या पुढल्याही आली, आणि मग काटा खरोखर हलला.

"तुम्ही मले सुकवारो समजले?"

"जगली ना तिची पोट्टी?"

पद्मिनीबाईंनी तोंड फिरवलं. बस खड्ड्यातून गेली आणि श्रीफळ घरंगळलं, ते त्यांनी धरलं. श्रीपादरावांनी खिशातून रेल्वे युनियनची छोटी डायरी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. आत तारीखवार, पार्सल ऑफिसच्या टपोऱ्या अक्षरात, खरे आकडे होते. एकही दिवस सुटला नव्हता. बाईंनी चष्मा पुसून पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, मधली तशीच सोडली.

"सहा तर खरे ना?"

"सहा किलो चारशे ग्रॅम."

"चारशे ग्रॅम," त्या म्हणाल्या आणि हसू दाबता दाबता त्यांनी पुडा सोडला. एक लाडू अर्धा केला, मोठा अर्धा नवऱ्याला दिला. दुसरा अर्धा, कित्येक महिन्यांनी, मनापासून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादरावांनी नेहमीच्या वेळी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. या वेळेला आत नेहमी सामसूम असे. एकेक बांगडी कठड्यावर ठेवल्याची किणकिण होई, मग शांतता, मग हाक.

आज आत पाण्याचा तांब्या बुडत होता, अंगावर पाणी पडत होतं आणि प्रत्येक तांब्यासरशी हातातल्या बांगड्या वाजत होत्या. गुणगुणणंही होतं बहुधा.

हाक काही आली नाही. श्रीपादराव थोडा वेळ तसेच उभे राहिले, पुसलेला चष्मा हातात धरून.