पटावरचा उखाणा

देऊळघाटच्या शाळेत मी मास्तर होतो आणि खेळांसाठी आलेलं स्टॉपवॉच माझ्या ताब्यात असे. एवढ्याच लायकीवर मला शंकरपटाच्या पंचांत घेतलं होतं. बैलांतलं मला शेपटीपलीकडे काही कळत नसे. पण मत म्हणाल तर प्रत्येक गोष्टीवर असे, मास्तरच ना शेवटी.

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. दोन चाकं, मधे एक फळी आणि फळीवर धुरकरी, म्हणजे हाकणारा. ना कठडा, ना छप्पर. तोल गेला की माणूस थेट चाकाखाली. अशा छकडीवर बाई बसवायची हे बुलढाण्याच्या शालिग्रामशेठच्या डोक्यात आलं, तेव्हा महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती.

शेठ सरकीची ढेप, म्हणजे गुरांची पेंड, विकत. एकदा ढेपेच्या गाडीतून घाट चढत असताना वांग्यांची एक गाडी त्यांना मागं टाकून गेली. गाडी आमच्या गावची पंचफुला हाकत होती आणि तिचा नवरा अर्जुनराव वांग्यांच्या पोत्यांवर गाढ झोपला होता. दुसरा कोणी चिडला असता. शेठला त्यात जाहिरात दिसली. त्यांनी देऊळगाव राजाच्या बाजारातून पळणारी जोडी आणली, नवी छकडी केली, फळीवर तांबड्या अक्षरांत लिहवून घेतलं, ‘शालिग्रामची ढेप, बैलाची झेप’, आणि सगळा खर्च आपल्या अंगावर घेऊन पंचफुलेचं नाव मोठ्या पटासाठी नोंदवलं.

गावाला दुसरा विषयच उरला नाही. शेठच्या जिवावर चढलेली बाई मोठ्या पटाला तयार आहे का, यावर पारावर रोज चर्चा झडे. चर्चा करणाऱ्यांतले निम्मे जण कधी ना कधी साध्या गाडीवरूनही पडले होते. पंचांचे म्होरके उकंडराव यांनी एका वाक्यात निकाल दिला होता.

“ढेप खाऊन बैल पळते. बाई नाही पळत.”

मला ते वाक्य फार आवडलं. मी ते शाळेतही सांगितलं.

पटाच्या आठ दिवस आधी चाचणी झाली. पंचफुला कासोटा घट्ट करून फळीवर बसली, कासरा धरला, बसायची ढब पाहून जुन्या धुरकऱ्यांनीही माना डोलावल्या. झेंडी पडली आणि बाई ओरडली, “अहो, चला नं!” बैल हलेनात. “बबीचे बाबा, पळा!” डावीकडचा भीम जरा पुढं सरकला, उजवीकडचा जागेवरच उभा. छकडीनं घाण्यासारख्या दोन फेऱ्या घेतल्या. इकडं कडेला उभा असलेला अर्जुनराव ‘बबीचे बाबा’ ऐकताच बायकोची आज्ञा मोडायची सवय नसल्यामुळे पळत सुटला आणि रेघेपलीकडं जाऊन थांबला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. मग आम्ही पंचांनी कागद केला, ‘सदर बाई मोठ्या पटास तयार नाही.’ अक्षर माझं होतं, वळणदार.

शेठनं हातापाया पडून एक संधी मिळवली. शिवरात्रीच्या सकाळी पंचफुलेनं एकटीनं धाव घ्यायची. सोळा सेकंदांच्या आत रेघ ओलांडली तर दुपारच्या मोठ्या पटात जागा. नाही ओलांडली तर जोडी तुळशीराम धुरकऱ्याकडं जाईल आणि या पटावर पुन्हा बाई चढणार नाही. हेही आम्ही कागदावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घ्यायच्या निमित्तानं तिच्या घरी गेलो. खरं म्हणजे मला खोड काढायची होती. मी विचारलं, बाई, बैलाला नावानं हाका मारायचं सोडून हे अहो-जाहो काय चालवलंय? ती खाली बघत वांगी मोजत राहिली. मग दारात बसलेल्या सासूकडं एकदा पाहून हळूच म्हणाली, “त्या बैलाचं नाव अर्जुन हाये, गुरुजी. त्याचं नाव मी कसं घेऊ?”

चार पंच, एक शेठ आणि अख्खा पार, कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. तो बैल नाव घेतल्याशिवाय पाऊल उचलत नसे आणि नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, हे त्या घरात दगडावरची रेघ होती. सासू सोजराबाई तर आणखी कडक. तिचा मालक महादेवराव वारून दहा वर्षं झाली होती, तरी ती नाव घेत नसे. देवालासुद्धा ती भोलेनाथ म्हणे, शंभो म्हणे, पण महादेव म्हणून कधी म्हणाली नाही.

बैलाचं नाव बदलून पाहिलं. पाच दिवस सगळे त्याला गोविंदा म्हणत होते, बैलानं कानसुद्धा हलवला नाही. तेव्हा अर्जुनरावानंच तोडगा काढला. “मीच होतो आता गोविंदा. मले काय फरक पडते?” आई त्याच्याकडं अशी बघायला लागली की तो उठून गोठ्यात गेला. हसू आलं, पण खोटं कशाला सांगू, त्या माणसाचा मला हेवाही वाटला. बायकोसाठी स्वतःचं नाव टाकायला तयार झालेला नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

शिवरात्रीच्या सकाळी छकडी पटाकडं निघाली तेव्हा पंचफुला सासूच्या पाया पडली आणि साळसूदपणे म्हणाली, “मामी, उखान्यात नाव घेतलं त चालते नं?”

सोजराबाईनं बराच विचार केला. उखाण्यात चालतं, त्यासाठीच तर उखाणा असतो, असं ती म्हणाली आणि बायकांबरोबर पटाच्या मध्यावर लिंबाखाली जाऊन बसली.

मी रेघेजवळ घड्याळ घेऊन उभा होतो. समोरच्या टोकाला झेंडी वर गेली आणि भाजी विकून कमावलेला तो गळा साऱ्या पटावर घुमला,

“पैनगंगेचं पानी आनलं घागरीत भरून,
सासूबाईपुढं नाव घेतो, माहे मालक अर्जुन!”

शेवटचा शब्द आणि झेंडी एकदमच खाली आली. असला मोका साधायला तुळशीरामलाही दहा शर्यती पळाव्या लागल्या असत्या. बैल उधळला, भीम त्याच्याबरोबर फरफटत निघाला. लिंबापर्यंत सगळं झकास. पण नावाचा जोर तिथवरच पुरला. अर्जुन मंदावला. पंचफुलेनं दुसरा उखाणा काढला, “भाकर थापली, चूल सारवली...” आणि मधेच तिला कळलं असावं की चूल सारवून होईपर्यंत पट संपणार. तिनं कासरा झटकला.

“अर्जुन! अर्जुन्या, पळ बे!”

सासूसमोर. भर जत्रेत. वर ‘बे’ लावून. बैल असा सुटला की छकडीची चाकं भुईला टेकतात की नाही कळेना, आणि दोरीच्या पलीकडून अर्जुनराव “आलो, आलो” करत धावत होता. मीही नाचत होतो. रेघ ओलांडून छकडी गेली, धुरळा बसला, उकंडरावांनी किती सेकंद म्हणून विचारलं. मी हातात पाहिलं. काटा अजून फिरत होता. मी घड्याळ बंद करायचंच विसरलो होतो.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या पटावर तयार नसलेला माणूस एकच होता आणि कागद त्याच्याच वळणदार अक्षरात होता. मी हात जोडले. उकंडराव म्हणाले, आकडा नाही तर धाव नाही, पुन्हा पळवा.

पुन्हा पळवायला पंचफुलेला हरकत नव्हती. पण लिंबाखालून सोजराबाई उठून येत होती, आणि तिला पाहून इतका वेळ न डगमगलेल्या बाईनं मान खाली घालून पदर डोक्यावरून पुढं ओढला. आता उखाण्यालासुद्धा तिचं तोंड उघडणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं. लोकांनी वाट करून दिली. म्हातारी आधी लेकाकडं गेली. धापा टाकणाऱ्या अर्जुनरावाला तिनं वरपासून खालपर्यंत चाचपलं, छातीवर हात ठेवून पाहिला. मग छकडीजवळ आली.

“म्या चाळीस वर्सं तुह्या सासऱ्याचं नाव नाही घेतलं,” ती म्हणाली. “तरी गेलाच तो. घे तू नाव. मोठ्यानं घे.”

दुसऱ्या धावेत उखाणा नव्हता. रेघेपासून रेघेपर्यंत नुसतं अर्जुन, अर्जुन, अर्जुन चाललं होतं. मी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा बरोबर कळ दाबली. साडेपंधरा सेकंद. उकंडरावांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, हलवून पाहिलं, आणि जुना कागद माझ्या हातात दिला. ‘तयार नाही’मधला ‘नाही’ मी खोडला, खाली सही केली.

दुपारी मोठ्या पटासाठी छकड्या लागल्या. पंचफुलेची पाचवी होती. मी पाणी प्यायला लिंबाखाली गेलो, तर सोजराबाई बायकांपासून जरा दूर, एकटीच डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते. “महादेव,” ती म्हणत होती, “महादेव, महादेव.” शेजारची अंबूबाई कौतुकानं म्हणाली, शिवरात्र आहे ना, देवाचं नाव घेऊन राह्यली. मी हो म्हटलं आणि घड्याळ घेऊन रेघेकडं गेलो.