हारामागचं नाव

मित्रांनो, वरवंडला हायवेलगत शितलचं दुकान आहे. तिथल्या टेबलावरचा, डाव्या बटणाचा रंग उडालेला, वायरचा जुना माऊस म्हणजे मी. माझ्या पोटात एक तांबडा दिवा आहे. त्याच्या उजेडात मला फक्त खालचं टेबल दिसतं. वर स्क्रीनवर काय घडतं ते मला कधीच दिसत नाही; बाकीचं मी लोकांच्या बोलण्यावरून जुळवतो. लोकांना वाटतं, सगळं मीच दाखवतो. वाटू द्या, मी कशाला सांगू?

शितल वजनकाटे आणि दिव्यांचे बोर्ड दुरुस्त करते. माझी पहिली काही वर्षं गिऱ्हाइकं ताटकळत असताना कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडण्यात गेली. माणसं ओळखायला तेवढी पुरली. बटणावरचा प्रत्येक दाब मी मोजत असे. हरणारा माणूस मला दुप्पट जोरात दाबतो आणि मग म्हणतो, माऊस खराब आहे.

मग एक दिवस पोपटराव आले. भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुक्यात, इनामगावच्या वाटेवर एक वस्ती आहे. तिथल्या दूध डेअरीचे ते सेक्रेटरी. तिथं माणसं कॅन रांगेत ठेवतात आणि आपण कट्ट्यावर गप्पा मारत बसतात. नाव पुकारलं की उठायचं. पोपटरावांनी नावांसाठी दिव्यांचा बोर्ड आणला होता, पण त्यावर मराठी अक्षरं मोडकी उमटत होती.

"आमच्या सोजरबाईला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "वरडून वरडून घसा बसतो माझा. ती उठंस्तवर मागचा पुढं घुसतो. म्या सांगितलंय, बोर्डावर नाव वाचून उठलात तर या, न्हाईतर दूध पुतण्याच्या, भारतच्या हाती धाडा."

"मग त्या काय म्हणाल्या, आप्पा?"

"म्हणली, वीस वर्सं माझी म्हैस म्याच पिळतीय. आता कॅन त्यानं का न्यायचा?"

शितल हसली नाही. तिनं मला जवळ ओढलं.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला अर्थ आला. शितलनं कॉम्प्युटरवर अक्षरं घडवायचा एडिटर उघडला. एका अक्षराला सोळा आडव्या, सोळा उभ्या अशा चौकटी. डावं बटण दाबलं की चौकटीत ठिपका पेटतो, उजवं दाबलं की विझतो. एवढंच. पण 'स' घडवायला एकशे तेरा वेळा डावं बटण लागलं आणि साठ वेळा उजवं. ओठांत पुटपुटत ती एकेक ठिपका ठेवायची, पुसायची, पुन्हा ठेवायची. मग एका ठिपक्यावर तिचं बोट थांबलं. "आता झाला," ती हळूच म्हणाली. एक ठिपका इकडचा तिकडे केला आणि ठिपक्यांच्या ढिगाचं अक्षर झालं. मला ते दिसलं नाही. तरी माझं चाक थरारलं.

अकरा दिवसांत सगळी अक्षरं घडली. बोर्ड बसवायला शितल निघाली, तेव्हा लॅपटॉपबरोबर तिनं मलाही पिशवीत घातलं.

डेअरीत थाटात पूजा झाली. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं. सोजरबाईंनी आपल्या वावरातल्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आणला होता. पोपटरावांनी तो स्वतः बोर्डाच्या माथ्यावर चढवला आणि बटण दाबलं. नावं सरकू लागली.

सोजरबाई पायरीवर बसून बोर्डाकडे पापणी न हलवता बघत होत्या. चार नावं गेली. त्यांचंही उमटलं आणि गेलं. त्या उठल्याच नाहीत. रांगेत त्यांच्या मागं असलेल्या हौसरावांनी पायानं त्यांचा कॅन मागं सारला आणि आपला पुढं घेतला.

"बघा," पोपटराव म्हणाले. "उद्यापास्नं भारतला धाडा, वहिनी." हे मात्र ते हातवारे करून म्हणाले.

शितल बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. "आप्पा, हारानं वरच्या पाच ओळी झाकल्यात. अक्षरांना डोकंच नाही राहिलं. हार काढा की."

"वाहिलेला हार लगेच उतरवत्यात व्हय? तोही त्यांच्याच हातचा?"

शितलनं लॅपटॉप उघडला. एका रिकाम्या कॅनच्या झाकणावर तिनं मला ठेवलं. खाली गार पत्रा, दुधाचे वाळलेले डाग. तिनं फक्त सोजरबाईंच्या नावातली अक्षरं उघडली आणि उरलेल्या अकरा ओळींत नव्यानं मांडायला घेतली. डोक्यावरची रेघ खाली, मात्रा आखूड, पोटं बसकी.

"आन् आमची नावं?" हौसराव म्हणाले.

"तुम्हाला ऐकू येतंय ना, काका? तुमची उद्या."

कट्टा हसला. तेवढ्यात तिचा हात निसटला आणि मी झाकणावरून घसरून वायरीला लोंबकळलो, पोट बोर्डाकडे करून.

मित्रांनो, तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. माझ्या पोटात एकच तांबडा दिवा, तिथं शेकडो. हाराच्या खाली, ठेंगणं पण सबंध, सोजरबाईंचं नाव पेटलं. एवढ्या वर्षांत मी काय काय दाबलं असेल, पण त्यातून एखाद्या माणसाचं नाव उजेडात येऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसता बघत राहिलो.

सोजरबाई उठल्या. कुणी खुणावलं नव्हतं. रांगेत जाऊन त्यांनी हौसरावांचा कॅन पायानंच मागं सारला आणि आपला काट्यावर ठेवला.

"पोपट," त्या म्हणाल्या, "वजन नीट बघ. बोर्डाकडं काय बघतोस? त्यो माझ्यासाठी हाय."

पोपटरावांनी मान खाली घातली आणि काट्यावरचा आकडा वाचला.

दूध घालून जाताना सोजरबाई माझ्यापाशी थांबल्या. तोवर शितलनं मला उचलून झाकणावर ठेवलं होतं. ओच्यातलं झेंडूचं एक फूल त्यांनी माझ्या पाठीवर ठेवलं. "ह्याची बी पूजा झाली पायजे," म्हणाल्या.

आता माझं डावं बटण कधी दोनदा वाजतं, कधी वाजतच नाही. मित्रांनो, घरातल्या जुन्या माऊसला रागानं आपटू नका. पोटावरची धूळ कापडानं पुसत जा. मलाही कुणी उघडून साफ करायला घेतलं, तर खुशाल करा. फक्त चाकाच्या फटीत झेंडूची एक पाकळी अडकली आहे, ती तेवढी राहू द्या. चाक फिरायला तिची अडचण होत नाही.