यंदा टॅर्ना गळली नाही

लाकडी बोट हिवाळाभर जमिनीवर राहिली की वाळते, फळ्यांमधल्या फटी उघडतात, आणि वसंतात पाण्यात सोडली की पहिले दोन दिवस चाळणीसारखी गळते. मग लाकूड फुगतं, फटी मिटतात आणि आपल्या जिवात जीव येतो. एकोणपन्नास साली बांधलेली आमची शिडाची टॅर्ना तर भारीच हट्टी, तिला तीन दिवस लागायचे. म्हणून त्या मे महिन्यात माझे दीर सिक्स्टन दोन पंप घेऊन आले.

माझा नवरा हेल्गे आदल्या ऑगस्टमध्ये तिच्यावरूनच समुद्रात पडला. बोट सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून दाराशी पाऊल वाजलं की माझा जीव गोळा व्हायचा. आता बास, असं मी ठरवलं होतं. बोट विकायची, म्हणजे ही वाट पाहणं तरी संपेल. शनिवारी गिऱ्हाईक यायचं होतं.

क्रेनने तिला पट्ट्यांत धरून पाण्यात टेकवलं. भावजी आत उतरले, तळाच्या फळ्या उचलून बसले. पाऊण तास गेला.

"काय हो, बुडालात का?" मी धक्क्यावरून ओरडले.

"वहिनी, पाण्याचा थेंब नाही. लाकूड आधीच फुगलंय. हिवाळाभर हिला कुठं फिरवून आणलीत?"

"माझं काय डोकं फिरलंय?"

हिवाळ्यात बोट ठेवायच्या शेडची किल्ली एकच, ती माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला; आणि जानेवारीत खाडी इतकी गोठली होती की माणसं पायी पलीकडे जात होती. भावजी हसले खरे, पण बाहेर येऊन त्यांनी पाणरेषेवरून हात फिरवला. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनी घासून लख्ख केलेल्या लाकडाला कोवळं शेवाळ धरलं होतं. त्यांनी ते फडक्याने दोनदा पुसलं.

"गिऱ्हाइकाला सांगू नका," एवढंच म्हणाले, आणि कॉफीलाही न थांबता गेले.

शनिवारी गोथेनबर्गहून लिंडेरोट नावाचा दंतवैद्य आला. सज्जन माणूस, जुन्या बोटीवर चढताना रीत असते तसे बूट धक्क्यावर काढून, नुसत्या मोज्यांनी आत उतरला. मी विक्रीचे कागद घेऊन उभी होते. घे बाबा एकदाची, मनात म्हणत होते, ने हिला इथून.

दोनच मिनिटांत तो ओशाळून बाहेर आला आणि केबिनचं दार त्याने अगदी अलगद लावून घेतलं.

"माफ करा हं," तो कुजबुजला. "आत कुणी झोपलंय, मला कल्पना नव्हती. मी उठवलं नाही त्यांना."

खरं सांगते, घाबरायला हवं होतं मी. पण मला इतका आनंद झाला की मी कागदांची घडी घालून ते खिशात टाकले.

"बरं केलंत," मीही आवाज खाली केला. "थकला असेल."