टाकी भरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना कूलर. अंगाला गंज चढलाय, आवाज असा की शेजारी कानांत बोटं घालतात. कळमेश्वरच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकून मला घडवलं आणि नागपुरात विश्वनाथ-चारुलता यांच्या खिडकीत आणून बसवलं. तोंड खोलीत, पाठ गॅलरीत.

त्यांच्या मुलाला, गौरांगला, ऑटिझम आहे. तो फारसा बोलत नाही. ऐकलेलं एखादं वाक्य कधीतरी जसंच्या तसं म्हणतो. घरात एसी आला तेव्हा मी भंगारात जाणार होतो. पण माझ्या घरघरीशिवाय त्याला झोपच येईना, म्हणून राहिलो.

आईबाबांच्या आशा मी समोरून ऐकत आलोय. आधी गौरांग इंजिनियर होणार होता. मग निदान दहावी. आता त्याला अठरावं लागलंय, आणि त्यानं माझी पाण्याची टाकी एकट्यानं भरावी एवढीच आशा उरली आहे. "आपल्यामागं याचं कसं होईन वं?" विश्वनाथ विचारतात. चारुलता पुन्हा पाइप गौरांगच्या हातात देतात. या घरात आता कुणी रडतही नाही.

शिकवलं चारुलतांनीच. बटण बंद, पाइप टाकीत, नळ सुरू. टाकी भरली की त्या म्हणायच्या, "बस गा, झालं!" आणि तो नळ बंद करायचा. गोम इथेच होती. तो पाण्याकडे बघतच नव्हता, आईच्या आवाजाची वाट बघत होता. एकदा त्या मुद्दाम गप्प राहिल्या, तर पाणी खालच्या इंदुताईंच्या वाळवणावर. "काहून वं, झोपली काय? पापड भिजून राहिले माह्ये!"

काल पुन्हा तसंच करून बघायचं ठरलं. चारुलता माझ्यासमोर ओठ घट्ट मिटून बसल्या. विश्वनाथ भिंतीकडे बघत होते. मागे गॅलरीत गौरांगनं नळ सोडला होता. पाणी चढत चढत काठाशी आलं.

"बस गा, झालं!"

हेल चारुलतांचाच. पण त्यांचे ओठ मिटलेलेच होते. गॅलरीतला नळ बंद झाला.

कुणी टाळी वाजवली नाही. सवयीनं विश्वनाथ माझं बटण दाबायला उठले, तर चारुलतांनी त्यांचा हात धरला. बटण गौरांगनंच येऊन दाबलं.

मित्रांनो, जुन्या कूलरच्या गवताच्या ताट्या वेळेवर बदला, पंख्याला तेल द्या. मी बंद पडलो तर गौरांगला दुसऱ्या कूलरवर सगळं पुन्हा शिकावं लागेल, आणि तेव्हा शिकवायला आई असेल की नाही, ते मला ठाऊक नाही.