अकरातले चार मोती

शिवशंकरचा फोन आला तेव्हा वनमालाबाई दळण निवडत बसल्या होत्या. शिवशंकर म्हणजे त्यांच्या थोरल्या दिरांचा मुलगा, माजलगावात राहायला.

"काकू, आमच्या सायलीचं लगीन ठरलं. तुमची ती बसऱ्याच्या मोत्याची नथ हाय ना? विधीपुरती लागंल. पोरगी म्हनती, आजीचीच पायजे."

वनमालाबाईंनी 'हो' म्हटलं. नऊ वर्षांत नथ कुणी मागितली नव्हती.

एके काळी दिंद्रुडच्या त्यांच्या घरातून ही नथ भावकीतल्या प्रत्येक लग्नाला जायची. अकरा बसरा मोती आणि मध्ये एक लाल खडा. आजेसासऱ्यांनी निजामाच्या राज्यात हैदराबादेहून आणलेली. नवरी आणि तिची आई न्यायला यायच्या, लग्न झालं की परत द्यायला यायच्या, आणि दोन्ही वेळा जेवल्याशिवाय वनमालाबाई त्यांना सोडत नसत. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण पंधरा-सोळा नवऱ्यांनी त्यांच्याच आरशापुढं उभं राहून ती नथ घालून पाहिली होती. पुढे पार्लरवाल्या मुली साडी-केसांबरोबर नथही आणायला लागल्या. त्यांचे यजमान अर्जुनराव गेले त्यालाही सहा वर्षं झाली. आता दिवसभरात बोलायला दूध घालणारी बायनाबाई तेवढी, आणि तीही दारातूनच.

दुसऱ्या दिवशी त्या नथ घेऊन माजलगावला गेल्या. सराफ्याच्या बोळात सोमेश्वर पटवेकऱ्याचं दुकान होतं, एक गादी बसेल एवढंच. दागिने गाठवून देण्याचं काम त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. नथीची तार जरा सैल झाली होती, ती आवळून घ्यायची, एवढंच काम. सोमेश्वरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, नथ उजेडाला धरली आणि फिरवून फिरवून पाहिली.

"मावशी, ही बाहेर कुठं बांधून घेतली का?"

"न्हाई बा. कावून?"

"ह्यातले चार मोती काचेचे हायेत. वरून रंग दिलेला. हे बगा, भोकापाशी पापुद्रा निघालाय." मग त्यानं एकेक मोती हळूच दाताला घासून बघायला सांगितला. खरा मोती दाताला बारीक वाळूसारखा लागला. खोटा नुसताच सरकला, गुळगुळीत.

"सुरुवातीपासनंच आसतील," वनमालाबाई म्हणाल्या.

"कसं शक्य हाय? गेल्या खेपेला मीच बांधली की. तुमच्या नणंदेच्या पोरीचं लगीन होतं तवा. अकराच्या अकरा खरे होते."

त्यानंतर नथ दुसऱ्या कुणाकडे गेलीच नव्हती. वनमालाबाई दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. सोमेश्वरनं पाणी दिलं, ते प्याल्या. "नवे बसवू का? बसऱ्याचे आता मिळायचे न्हाईत, पन दुसरे—"

"राहू द्या. हाय तशीच बांधा," त्या म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त आधी संताप आला. घरचं माणूस, सख्खी नणंद, आणि असं करावं! गीताबाई दर दिवाळीला आठ-आठ दिवस राहायला यायच्या, थंडीत हुरड्याला यायच्या. दोघी एकाच चटईवर पडून बोलत राहायच्या, ते अर्जुनरावांनी बाहेरून खाकरून गप्प करेपर्यंत. त्याच गीताबाई लेकीच्या, रेणुकाच्या लग्नानंतर यायच्याच बंद झाल्या. नऊ वर्षं वनमालाबाई मनाशी उकरत होत्या, माझं काय चुकलं? रेणुकाला दिलेली साडी हलकी वाटली का? पाहुण्यांबद्दल मी काही बोलून गेले का? एकदा तर त्यांनी स्वतःचं त्या दिवसांतलं सगळं बोलणं आठवून पाहिलं होतं.

तेलगाव येईपर्यंत संतापाची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली होती. वन्सं यायच्या थांबल्या त्या आपल्या चुकीनं नव्हे, या चार मोत्यांपायी.

गीताबाईंचं गाव नारायणगडाच्या पायथ्याला. बीडला उतरून तिथून जीपनं जावं लागे. दोन दिवसांनी वनमालाबाई न सांगताच तिथं पोचल्या. गीताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वहिनीला पाहून त्या उठल्या, पुन्हा खाली बसल्या. फार वाळल्या होत्या. सुनेनं चहा आणून दिला, चार शब्द बोलली आणि आत गेली.

वनमालाबाईंनी पिशवीतून डबी काढून उघडली.

गीताबाईंनी नथीकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"वरातीच्या गडबडीत तार तुटली, वैनी," गीताबाई म्हणाल्या. "सात सापडले. चार न्हाई सापडले. दुसऱ्या दिवशी मांडव सोडला तवा मी सगळी माती चाळली. पिठाच्या चाळणीनं. लोक हासले मला."

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगनारच होते. बीडातून हे बसवून आनले, नुसती रिकामी कशी द्यायची म्हनून. द्यायला आले तवा तुमी पुरणाचा घाट घातलेला. दादा शेजारी बसलेला. तोंडातून निघंना. म्हनलं, दिवाळीला सांगू. दिवाळी आली तर पायच उचलंना. जितकं लांबलं तितकं जड झालं."

"मला वाटलं, साडीचा राग आला."

"कोनती साडी?"

"रेणुकाला दिलेली. हलकी होती."

"आवो, ती साडी ती आजून नेसती!" गीताबाई रडता रडता मध्येच हसल्या. वनमालाबाईंना मात्र हसू आलं नाही.

"ते गेले तवा तुमी दहाव्याला आलात," त्या म्हणाल्या, "आन् त्याच जीपनं निघून गेलात. एक रात न्हाई थांबलात."

"तुमच्यासमोर बसवंना, वैनी."

"वन्सं, नवरा गेलता माजा. मला मोती कशाला पायजे होते?"

गीताबाईंनी शेंगांचं सूप पुढं ओढलं. थोड्या वेळानं वनमालाबाईंनीही मूठभर शेंगा घेतल्या आणि दोघी सोलत बसल्या. रेणुकाला दोन मुलं झाली होती, धाकट्याला दमा होता. गीताबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हे सगळं वनमालाबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्जुनरावांचं शेवटचं दुखणं कसं झालं, ते गीताबाईंनी विचारलं, आणि वनमालाबाईंनी सांगितलं, थोडक्यात.

ऊन कललं. सून बाहेर येऊन म्हणाली, "मामी, राहा की आजच्या दिवस." वनमालाबाईंनी नणंदेकडं पाहिलं. त्यांच्या तोंडून एकदा 'राहा' आलं असतं तर त्या राहिल्या असत्या. गीताबाई टरफलं गोळा करत राहिल्या.

"जीप चुकंल," म्हणून वनमालाबाई उठल्या.

सायलीचं लग्न माजलगावच्या मंगल कार्यालयात झालं. विधी चालले होते तेवढा वेळ नथ तिच्या नाकात होती. चार खोटे मोती कुणाला ओळखू आले नाहीत. मग पार्लरच्या मुलीनं तिला दुसरी नथ लावली, शालूला जुळणारी, आणि शिवशंकरच्या बायकोनं ही डबीत घालून तिथंच वनमालाबाईंच्या हातात ठेवली. "आता द्यायला परत यायला नको काकू, लई धावपळ हाय." गीताबाई आल्या नव्हत्या. त्यांचा मुलगा आहेर देऊन, जेवून गेला.

लग्नाच्या चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"वैनी, मी."

"बोला वन्सं."

"काय करतायसा?"

"काय न्हाई. बसलेय."

"जेवलात?"

"जेवले. तुमी?"

"जेवले."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, मग कुणीतरी बादली ठेवल्याचा. वनमालाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. गीताबाईंनी फोन ठेवला नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही.