उंच बाजू बाकी आहे

बसा, बसा. सगळेच बसतात माझ्यावर, तुम्ही काय वेगळे! पण बसलाच आहात तर दोन शब्द ऐकूनही घ्या. मी व्यायामशाळेतली लाकडी पेटी बोलतेय. मला ना झाकण, ना कडी, ना आत काही ठेवायची सोय. पाय जुळवून माझ्यावर उडी मारायची, एवढ्यासाठीच माझा जन्म.

मला ज्याने केलं तो सुतार पलंग-कपाटं करणारा. काम ऐकून डोकं खाजवत म्हणाला, "धड जमिनीवर चालत नाहीत लोक, आणि उड्या कसल्या मारताय!" पण हाताचा पक्का. आतून आडव्या फळ्या ठोकल्या, काठ घासले आणि स्वतः वर उभा राहून धपाधप पाय आपटून बघितले. आडवी टाकली की मी गुडघ्याएवढी, कुशीवर वळवली की मांडीएवढी आणि उभी केली की जवळजवळ कमरेएवढी. ती माझी उंच बाजू. तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

कोचताई पहिल्यांदा आली तेव्हा ती कोच नव्हती. ढगळ टी-शर्टात अंग चोरून भिंतीला चिकटून उभी राहायची. माझ्यासमोर यायची, हात मागे न्यायची, गुडघे वाकवायची आणि परत सरळ व्हायची. किती दिवस चाललं हे, विचारू नका. मग एकदाची उडाली, आणि वर आल्यावर इतकी बावरली की खाली कसं उतरायचं तेच तिला सुचेना. मला हसूच आलं, बाई.

पुढे ती शिकली, परीक्षा दिल्या, बायकांची सकाळची बॅच तिच्याकडे आली. वजनं उचलणारे बाप्ये कुजबुजायचे, "ही काय शिकवणार?" आई फोनवर विचारायची, "उड्या मारून कुठे आयुष्य निघतं का गं?" ताई कुणाशी हुज्जत घालायची नाही. मला उभी करायची आणि एका झेपेत वर. झालं उत्तर! तिच्याकडे उत्तर तेवढं एकच होतं, हे मात्र तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

आणि एक दिवस भरल्या बॅचसमोर तिचा पाय माझ्या काठावरून सटकला. नडगी सोलली, गुडघा आतल्या आत पिळवटला. खाली पडल्या पडल्या तिने पायाकडे नाही, आधी दाराकडे बघितलं. व्यायामशाळेचे मालक तिथेच उभे होते.

ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, काही महिन्यांनी ती परत आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघा ठणठणीत आहे, बिनधास्त उडी मारा. पण माझ्यापुढे आली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. माझ्यावर हात टेकायची ना, मला ती ओल लागायची. मग बहाणे सुरू झाले. फरशी ओली आहे. बूट झिजलेत. एकदा तर चक्क म्हणाली, "ही पेटी डुगडुगते." अहो, हत्ती बसवा माझ्यावर! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते काय खोटं? राग आला मला तिचा. कीवही आली.

मग तिला युक्ती सापडली. बॅचमध्ये कपडे शिवणाऱ्या एक बाई होत्या, सगळ्या त्यांना शिवणकाकू म्हणायच्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, पण उडी मारली की चेंडूसारख्या उसळायच्या. ताई म्हणाली, "आज काकू दाखवतील." काकूंना कोण आनंद झाला! दिवसभर मशीनवर मान मोडणारी बाई ती, तिला चारचौघींत पुढे ये असं कोण म्हणणार? त्यांनी नवे बूट घेतले. माझ्यावर बसून नणंदेला फोनवर सांगत होत्या, "आमच्या कोचताईंचा उजवा हात आहे मी."

ताईने त्यांना रोज हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि स्वतः शिट्टी घेऊन बाजूला उभी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणालाच काही कळलं नाही.

एके सकाळी काकू माझ्यावर अशा बसल्या की मला कळलं, आज अंगात त्राण नाही. शाळेचे गणवेश शिवून शिवून पाय सुजले होते त्यांचे. "ताई, आज राहू दे का?" त्या म्हणाल्या.

ताई घुटमळली. नवीन मुली आल्या होत्या, मालक काचेतून बघत होते. "हो काकू, बसा," एवढंच म्हणायचं होतं हो! पण काकू बसल्या तर दाखवणार कोण?

"काकू, तुम्ही नाही तर कोण?" ताई हसून म्हणाली. "भीती काय, मनात असते."

काकू उठल्या. माझी मधली बाजू होती, रोजची सवयीची. पण पाऊल वर आलंच नाही, काठावर आपटलं आणि काकू एका अंगावर कोसळल्या. घोटा मोडला. मशीन चालवायचा तोच पाय.

मालक म्हणाले, "वय झालंय, अंदाज चुकला त्यांचा. तू नको मनाला लावून घेऊस." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईही गप्प राहिली. सगळ्या गेल्यावर माझ्यावर बसून तिने तोंडात टॉवेल कोंबला आणि रडली. मी काय करणार? लाकूड मी. तिचं वजन तेवढं पेललं.

काही दिवसांनी ऐन बॅचच्या वेळी काकू आल्या. पायाला प्लास्टर, हातात काठी, बरोबर नणंद. ताईपुढे उभं राहून म्हणाल्या, "माफ करा ताई. सगळ्यांसमोर तुमचं नाव खराब केलं मी."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, चूक माझी आहे," ती म्हणाली. "पडल्यापासून मला उडी मारायची भीती वाटते. एकदाही मारलेली नाही. ती भीती लपवायला मी तुम्हाला पुढे करत होते. त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात, तरीही केलं."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी चांगली उडी मारते म्हणून नाही?"

कुऱ्हाड परवडली असती मला, हे वाक्य नको होतं.

"मारता हो चांगली," ताई म्हणाली. "पण मी बोलवायचे ते त्यासाठी नाही."

नणंद "चला वहिनी" म्हणत होती. पण काकूंनी काठी फरशीवर आपटली. "मग आता तुम्ही दाखवा."

ताईने मला आडवी टाकली. सगळ्यात बुटकी, गुडघ्याएवढी बाजू. हात मागे नेले, गुडघे वाकवले आणि सरळ झाली. पुन्हा वाकली, पुन्हा सरळ. ती भिंतीला चिकटणारी पोरगी आठवली मला. तिसऱ्यांदा वाकली आणि आली वर. तिचे पाय असे लटपटत होते की माझ्या आतल्या फळ्यासुद्धा थरथरल्या. टाळी कुणी वाजवली नाही. "उद्या मधली," काकू म्हणाल्या आणि लंगडत निघून गेल्या.

आता फोमचे मऊ बॉक्स आलेत. मला दाराशी आणून ठेवलंय, भंगारवाला येणार आहे म्हणे. ताई मालकांना म्हणाली, "थांबा थोडं, उंच बाजू बाकी आहे." मधली बाजू तिला कधी जमते, कधी ती पुढे येऊन मागे फिरते. काकूंचं प्लास्टर निघालंय. त्या येतात, खुर्चीवर बसून बघतात. पूर्वीसारखं गोड बोलत नाहीत, पण एक दिवस चुकवत नाहीत.

माझं मागणं एवढंच, तोवर मला हलवू नका. पुढे खुशाल चुलीत घाला.

अगंबाई, ताई आलीच! हात ठेवलाय माझ्यावर, ओला आहे. काकूंनी खुर्ची पुढे ओढली. उठा, उठा आता, ती मला उभी करतेय.