आईच्या खांद्यावरचा ब्रोच

“तुझ्या आईच्या कबरीला हात लावलास तर हात तोडीन, हुनलाफ!” बा ओरडला.

“सगळं केंट आपापल्या कबरी उघडतं, मग तुलाच काय झालंय?” मीही ओरडलो. “मणी मेलेल्या बाईचे, ब्रोच घराण्याचा. तूच शिकवलंस ना?”

“मठातल्या शाळेत टिकला नाहीस, आणि मला अक्कल शिकवतोस?”

एवढ्या धुक्यात, थंडीत, त्याच्या कपाळावर घाम होता. मी बघितला, पण डोकं तापलं होतं माझं.

ऑस्गिथताईला न्यायला आज सासरचे येणार होते. अंगावर आईचा लाल खड्यांचा सोन्याचा ब्रोच असेल तर ती बायको, नाहीतर नुसती ठेवलेली. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. ताई सकाळपासून रडत होती.

मी फावडं उचलून टेकाडावर गेलो. आमची दासी मोर्विन टोपली घेऊन मागोमाग आली. माझ्याच वयाची आहे ती. तिची आई नेस्ट, तिनेच आम्हाला वाढवलं. आईला पुरलं त्याच दिवशी नेस्ट पळाली, पोरीला टाकून. मोर्विन तेव्हापासून तिचं नाव घेत नाही.

खडूची पांढरी माती भुसभुशीत होती. मांडीइतकं खणलं आणि फावडं दगडावर खणकलं. जात्याची तळी. कबरीत जातं कशाला? मी ती कडेला लोटली, आणि खालून आवाज आला. कुणी दाबून धरलेला श्वास सोडावा तसा. माती खचली असेल. असेलच.

तळीखाली पाठ होती. पालथी बाई, नुसती हाडं. पण कोपरं वाकलेली, दोन्ही पंजे जमिनीला टेकलेले, उठायला निघाल्यासारखे. जबडा उघडा. आत माती गच्च.

मोर्विन तळीच्या फुटक्या कडेवरून बोट फिरवत होती. “हे आमचं जातं,” ती म्हणाली. बस, एवढंच.

मागे बा येऊन उभा राहिला होता.

“तुझी आई मोठ्या घरची,” तो हळू म्हणाला. “तिच्या बापाबरोबर घोडा पुरला होता. मला घोडा कुठला परवडतो?”

“बा, ती जिवंत होती!”

“मग मेलेली दासी काय कामाची?” त्याला खरंच कळत नव्हतं मी का चिडलोय.

त्यानेच खाली उतरून नेस्टचा हात बाजूला सारला. तिच्याखाली आई, आणि आईच्या खांद्यावर ब्रोच. आत्ताच लावल्यासारखा लखलखीत.

मी पळत जाऊन ताईला सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले. बा ब्रोच घेऊन आत आला, तर म्हणाली, “आधी पुसून दे.”

दुपारी सासरचे आले. ब्रोच बघून सासरा खूश. पलंग, हंडा, कापड, सगळं हाताने चाचपून बघितलं. मग त्याने मोर्विनची हनुवटी धरून तोंड वर केलं.

“ही पण देताय ना? आमच्याकडे सून एकटी जात नाही. कुठेच.”

“देतोय की,” बा म्हणाला. ताई ब्रोच सरळ करत होती.

आत जेवणं चाललीत. मोर्विनला मी नदीवर पाठवलंय, पाणी आणायला म्हणून. होडी मी मघाशीच बघून ठेवलीय. बा हाका मारतोय. मला आता नदीकडे निघायलाच हवं.